भावड्याचं आडनाव

सिनेमा सुटला तेव्हा सव्वाबारा वाजले होते
आणि कॉलेज रोडच्या पार्किंगमध्ये
आमच्या तीन स्कूटी एकमेकींना खेटून उभ्या,
आता भांडणारच आहेत अशा.

सुरुवात ओजसने केली.
"अरे, कॉमेडी आहे. अकरावीची पोरं, प्रेमपत्र,
वर्गात शिरलेलं माकड.
यात कुठून आणता राजकारण?"

रुमाना हेल्मेटच्या पट्ट्याशी झटत होती.
"माझ्यासारखी एक होती ना, शेवटून दुसऱ्या बाकावर.
मी मोजलं. दोनदा सलाम, एकदा बिर्याणीचा डबा. संपली.
माझी अम्मी डब्यात मेथी देते, ओजस.
तू खाल्लीयेस."

सिद्धांत बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"आडनावं ऐकलीत?
हिरोला आहे. हिरॉइनला आहे.
प्रिन्सिपॉलच्या दारावर तर पितळेची पाटी.
भावड्याला नाही.
दिलं असतं तर कळलं असतं
आपण नक्की कोणाला हसतोय."

"नाही दिलं तर म्हणता लपवलं,
दिलं असतं तर म्हणाला असतात टिंगल केली.
मग लिहिणाऱ्याने करायचं काय?
अशी पोरं घ्यायचीच नाहीत?"
प्रश्न अगदीच खोटा नव्हता,
म्हणून जास्त राग आला.

वॉचमनने शिट्टी मारली.
गंगापूर रोडकडून आलेला गार वारा
पॉपकॉर्नचा रिकामा पुडा
आमच्या पायांमधून ढकलत राहिला.

मी बोलत नव्हते.
भावड्याला सगळ्यात जास्त मीच हसले होते.
त्याने नुसतं 'माले काय माहीत' म्हटलं
की थेटर फुटायचं,
आणि मी थेटरच्याही आधी.
वर्गात कोणाचं उत्तर चुकलं
की आपण घाईने त्याच्याकडे वळून बघतो ना,
आपल्याकडे कोणी बघू नये म्हणून,
तसं.

सटाण्याहून येऊन तीन वर्षं झाली.
दर वेळी सीबीएसला बस थांबली
की मी बोली घासून काढते,
चपलेची माती पायरीच्या कडेला घासावी तशी.
थोडी उरतेच. 'ळ' मध्ये अडकते.

आणि नेमका तेव्हाच आईचा फोन,
बोट चुकून स्पीकरवर.
"कोठे शे व तू? जेवनी का?"
तिघांच्या मधोमध, ट्यूबलाइटखाली,
मी म्हणाले, "हा व माय, व्हयनं जेवन."

ओजस हसला नाही.
हसू नये म्हणून त्याने जे केलं
ते मला दिसलं.

पुढच्या महिन्यात आई चार दिवस राहायला आली.
खोलीवर मटार सोलता सोलता
मोबाइलवर तिने तोच सिनेमा पाहिला.
भावड्या आला की ती मागे घ्यायची,
परत बघायची, परत हसायची,
शेवटी पदराने डोळे पुसले
आणि एकदम परीक्षकासारखी म्हणाली,
"हाऊ पोऱ्या आपला नई शे.
बोली आपली, सूर पुनाना."
मग एक मटार तोंडात टाकून,
"पन बोलना तं खरा."

हे मी रुमानाला सांगितलं. ती म्हणाली, बघ, मी म्हटलं होतं ना.
ओजसला सांगितलं. तो म्हणाला, बघ, मी म्हटलं होतं ना.

सिद्धांतने एवढंच विचारलं,
"आईने त्याचं आडनाव विचारलं का?"

विचारलं होतं.
सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील,
माकडसुद्धा यायचं होतं अजून.
"कोना पोऱ्या शे हाऊ?"
खेड्यात कोणीही कोणालाही विचारतं,
पाणी द्यायच्या आधी,
कधी कधी पाणी द्यावं की नाही ते ठरवायला.

सिद्धांत हसला.
सिनेमात असं हसू नव्हतं.
मी त्याच्याकडे घाईने वळून बघितलं नाही.